देवमन ओताऱ्याच्या घरचे चेहरे

अकोल्याहून अकोटकडे जाताना जिनिंगचे पत्रे संपले की डाव्या हाताला तारेचं एक कुंपण लागतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या कुंपणाच्या आत वाघ, नीलगाय, रानडुक्कर असे सगळे ब्राँझचे जीव उभे असत, अन् त्यांच्या मधोमध टोप्याफेट्यांतली चार-दोन थोर माणसं, छातीपर्यंतच. एष्टीतल्या एका परगावच्या बाईने कंडक्टरला विचारलं होतं म्हणतात, "काय बावा, हे वाघानं अर्धी खाऊन ठेवली का माणसं?" कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "नाई बाई. हे देवमन ओताऱ्याचं घर हाये. इथं माणसं मेल्यावर येतात."

देवमन मूळचा बाळापूरचा. बाप बैलांच्या गळ्यातल्या घाट्या ओतायचा. त्या घरची एक रीत होती. बैल मेला की शेतकरी त्याची घाटी घेऊन यायचा अन् देवमनचा बाप ती वितळवून नव्या बैलाच्या घाटीत घालायचा. जुन्याचा आवाज नव्यात उतरतो, असं लोक म्हणत. पुढे ट्रॅक्टर आले, त्यांच्या गळ्यात काही बांधता येईना, अन् बापाची भट्टी थंड झाली. देवमनने ती भट्टी अकोल्याला आणून पुन्हा पेटवली. घाट्यांऐवजी तो जनावरंच ओतायला लागला.

जनावरांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मेळघाटाच्या वाटेवरच्या एका फाट्यावर त्याचा रानगवा उभा केला, त्या साली पोळ्याच्या दिवशी शेजारच्या गावच्या बाया आरती घेऊन गव्यापुढे हजर. खांद्याला हळद, कपाळाला कुंकू, अन् तोंडापुढे पुरणपोळी. वनखात्याचा माणूस म्हणाला, बाई, हा बैल नाही, रानटी जनावर आहे. एक म्हातारी म्हणाली, "असू दे ना. उभा तर गरिबावानी हाये."

माणसांचं मात्र देवमनला जमत नव्हतं. पहिला पुतळा आला अमरावतीच्या एका शाळेच्या संस्थापकांचा. देवमनने मेणात तो केला, अन् गुरुजी हुबेहूब गव्यासारखे दिसायला लागले. मान भक्कम, नाकपुड्या फुललेल्या, शिंगांचीच काय ती वाण. देवमन त्याच्यापुढे गुडघ्यात मान घालून बसला होता. त्याची बायको सुभद्रा चहा घेऊन आली. तिने कप खाली ठेवला, दोन्ही अंगठे मेणाच्या गालांवर टेकवले अन् आत दाबले.

"दात नाईत या माणसाले," ती म्हणाली. "फोटोत तोंड मिटून बसला हाये. दिसून नाई राहिलं तुमाले?"

त्या दोन खळग्यांनी गुरुजी माणसात आले. तेव्हापासून त्या घरात वाटणी झाली. जनावर त्याचं, माणूस तिचं. धड, खांदे, कोट, उपरणं देवमन करायचा, मान संपली की बाजूला व्हायचा. साच्याचं अन् भट्टीचं काम पुन्हा त्याचं. मेणाच्या पुतळ्यावर शेणमातीचे थर चढवायचे, ते वाळवायचे अन् भाजायचे. भाजताना मेण वितळून वाहून जातं अन् साच्याच्या पोटात त्याच आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतला की पुतळा होतो. मेण एकदा गेलं की गेलं. ओतेपर्यंत त्या माणसाचा चेहरा म्हणजे मातीच्या गोळ्यातली रिकामी जागा, बाकी काही नाही.

सुभद्राचे किस्से तर पुष्कळ. एका सोसायटीच्या वारलेल्या चेअरमनचे दोन लेक आले. थोरला म्हणे बाबा टोपीत पाहिजेत, धाकटा म्हणे फेट्यात. अंगणातच जुंपली. सुभद्राने बाबांचं डोकं चकचकीत टकलाचं केलं अन् टोपी-फेटा वेगवेगळे ओतायला लावले. जयंतीला फेटा, पुण्यतिथीला टोपी. दोघं लेक खूश.

घाट्यांची रीत देवमनने माणसांना लावली होती. ज्याचा पुतळा, त्याच्या घरचं एक पितळेचं भांडं धातूत जायचं. तांब्या, वाटी, जे तो वापरायचा ते. देवमन ते कापायचा, उन्हात वाळवायचा अन् भट्टीच्या काठावर तापवायचा. त्यातला एक तुकडा मागे ठेवायचा. ओतायची वेळ आली की घरच्या माणसाने लांब चिमट्याने तो तुकडा मुशीत, म्हणजे धातू वितळतो त्या भांड्यात, आपल्या हाताने टाकायचा. येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट बजावायचा, "ओलं काही आणू नोका. धातूले ओल चालत नाई. थेंबभर ओल असली तं मूस फुटते अन् माणूस जाते."

जानराव अन् माणिकबाई त्याच्याकडे आले ते दिवाळीनंतर. अकोटच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव त्यांचं. एकुलता लेक कुलदीप वनरक्षक होता. फाल्गुनात, मोहफुलं पडायच्या दिवसांत, पाणवठा पाहायला गेलेला असताना अस्वलाने त्याला धरलं. अस्वल माणसाचं तोंडच धरतं, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कुलदीप घरी आला तो पांढऱ्या कापडात गच्च बांधून. माणिकबाई म्हणाली, चेहरा उघडा. कोणी उघडला नाही. सरणावर ठेवेपर्यंत ती तेवढं एकच मागत होती.

"लोकं म्हणतात गावात फाट्यावर बसवू," जानराव देवमनला म्हणाला. "फाट्याचं जाऊ द्या भाऊ. हिले त्याचं तोंड पाहाचं हाये. वर्षश्राद्धाच्या आत झालं तं बरं."

देवमनच्या अंगणात त्या दिवशी अस्वल होतं. वनखात्याच्या एका विश्रामगृहासाठी मेणात केलेलं, मागच्या पायांवर उभं. जानरावाचा निरोप आधी आला होता, म्हणून पाहुणे फाटकात दिसताच देवमनने त्याच्यावर पोतं टाकलं होतं. बोलणी चालू असताना माणिकबाई उठली, सरळ तिकडे गेली अन् तिने पोतं उचललं.

"एवढंसंच असते का?" तिने विचारलं.

"एवढंच असते," देवमन म्हणाला.

तिने पोतं पुन्हा होतं तसं घातलं, कोपरा ओढून नीट केला अन् येऊन बसली.

फोटो एकच धड होता, नोकरीच्या ओळखपत्रावरचा. त्यात कुलदीपसुद्धा इतर सगळ्यांसारखाच भिंतीला टेकून घाबरलेला. सुभद्राने तो पाहिला अन् बाजूला ठेवला.

"तोंड कसं होतं थे नोको सांगू मले, माय," ती माणिकबाईला म्हणाली. "खोटं बोले तवा काय करे, थे सांग."

माणिकबाईने बाजूला ठेवलेलं ओळखपत्र उचलून पदराने पुसलं. मग म्हणाली, "खालचा ओठ दाबे दातानं. जंगलातून फोन करे, व्हिडिओवर. मी म्हणो जेवला का रे. थो म्हणे जेवलो, अन् ओठ दाबे. मले समजे का जेवला नाई."

त्यानंतर हिवाळाभर दर बाजाराच्या दिवशी माणिकबाई एष्टीने येऊन बसायची. सुभद्रा बांगड्या काढून ठेवायची, मेण तळहातात मळायची अन् आपलंच तोंड पुढे करायची. "माह्या तोंडावर दाखव. नाक इथून उठे का इथून?" माणिकबाई तिच्या चेहऱ्यावर बोट फिरवायची. जबडा जरा रुंद. भुवई इथं तुटलेली, लहानपणी वखराच्या लोखंडावर पडला होता. दोघी तासन्‌तास अशा बसलेल्या असत, एकीचा हात दुसरीच्या गालावर. देवमन तिकडे फिरकायचा नाही.

मेणातला चेहरा तयार झाला तेव्हा मात्र सुभद्राने तो माणिकबाईला दाखवला नाही. "मेणात नोको पाहू," ती म्हणाली. "मेण पिवळं असते, मेलेल्यावानी दिसते. धातूत आला का मंग पाहजो."

देवमनने साचा चढवला, वाळवला, भाजला. मेण निघून गेलं.

ओतायच्या सकाळी जानराव अन् माणिकबाई पहिल्या गाडीने आले. मूस उचलायला दोन माणसं लागतात, म्हणून बुधाजी आला होता. हा देवमनचा शेजारी, एष्टीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, लोखंडी हाताचा माणूस. देवमन भट्टीला पाठ करून बुधाजीबरोबर खड्ड्यात उतरला. भाजलेला गरम साचा वाळूत पक्का बसवायचा होता. वर भट्टीपाशी सुभद्रा अन् माणिकबाई होत्या, जानराव मागे कडुलिंबाखाली. सुभद्राने मुशीचं झाकण सरकवलं अन् चिमटा माणिकबाईच्या हातात दिला. कुलदीपच्या तांब्याचा तुकडा आत गेला. सुभद्रा चिमटा ठेवायला वळली.

माणिकबाईच्या कमरेला, लुगड्याच्या ओच्यात, गंगेचा गडू होता. तिच्या सासूने काशीहून आणलेला, तांब्याचा, मुठीत मावेल एवढा, गंगेचं पाणी भरून तोंडावर डाख देऊन बंद केलेला. असा गडू घरोघर देवापाशी असतो. माणूस जायला लागला की तो फोडतात अन् थेंब तोंडात घालतात. कुलदीपच्या वेळी जानराव म्हणाला होता, फोड, वरून शिंपड. माणिकबाई म्हणाली होती, तोंड दिसल्याशिवाय फोडत नाही. तो तसाच राहिला होता.

तिने तो मुशीत टाकला.

देवमनने आवाज ऐकला. भट्टीचे आवाज त्याला सगळे ठाऊक होते, हा त्यांतला नव्हता. तो खड्ड्यातून वर येईपर्यंत बुधाजी पुढे गेला होता अन् उघड्या हातांनी सुभद्राला ओढत होता. धातू अंगणभर उडून गवतात जळत पडला होता. माणिकबाई भट्टीपासून लांब, मातीत बसलेली होती. तिच्या एका दंडावर भाजलं होतं, तेवढंच. सुभद्राने तिला मागे लोटलं की तिचा हात धरायला ती पुढे झाली, हे नक्की कोणालाच सांगता आलं नाही. पण ती मुशीच्या अन् माणिकबाईच्या मध्ये होती.

सुभद्रा अकोल्याच्या दवाखान्यात काही दिवस राहिली. चेहऱ्यावर पट्ट्या, बोलणं नाही. अमरावतीला दिलेली लेक रागिणी येऊन उशाशी बसली. देवमन बाहेर व्हरांड्यात. तिसऱ्या का चौथ्या दिवशी माणिकबाई दंडाला पट्टी बांधून तिथे आली अन् सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मी टाकला," ती म्हणाली. "गंगेचा गडू होता. त्याच्या तोंडात गेला नव्हता ना, म्हणून. तुमी म्हणे ओलं नोको. थो कोरडा होता भाऊ. वरून कोरडा होता."

जानरावाला हे पहिल्यांदाच कळत होतं. तो खांब धरून खाली बसला. बोलणं ऐकून रागिणी दारात आली होती, तिने माणिकबाईकडे पाहिलं अन् ती परत आत निघून गेली. पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हा देवमन म्हणाला, "धातूत ओल गेली." त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

सुभद्रा गेली. घरी आणली ती पट्ट्यांसकट. सोडू नका, असं दवाखान्यातून सांगितलं होतं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. कुलदीपचं वर्षश्राद्धही तिकडे पुतळ्याविनाच उरकलं. साचा खड्ड्यात वाळूत तसाच. बुधाजी एक दिवस दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले घेऊन आला, खड्ड्याच्या काठावर बसला अन् म्हणाला, "देवमन, याचं काय करतं? माती ओल धरून राहिली. आठ-पंधरा दिवसांत तडकून जाईन."

"फोडून टाका," रागिणी घरातून म्हणाली. ती बापाला अमरावतीला न्यायला थांबली होती. "आईचा जीव घेतला त्या लोकांनी. त्यांच्यासाठी भट्टी पेटवता का आता?"

"त्याच्यात तुह्या आईचं काम हाये," देवमन म्हणाला.

"आई नाहीये बाबा."

"म्हणूनच म्हणतो."

"मग तुमच्यासाठी ओता. त्यांना कशाला द्यायचा?"

देवमन रोज सकाळी उठायचा, खड्ड्यापाशी जाऊन साच्यावर हात ठेवायचा. आत चेहरा होता, म्हणजे चेहऱ्याची जागा होती, सुभद्राच्या अंगठ्यांनी दाबलेली. फोडली की माती. ओतली की दुसऱ्या कोणाचा लेक. असं करत त्याने किती दिवस काढले, कोणी मोजले नाहीत.

मग जानराव एकटाच आला. फाटकाच्या आत पाऊल टाकेना.

"फोडून टाका भाऊ," तोही तेच म्हणाला. "आमाले नोको. कोणत्या तोंडानं नेऊ?"

"हे कोण म्हणते? थ्या म्हणतात का तुमी?"

"मी म्हणतो. थे बोलतच नाई. जेवाले वाढलं तं जेवते, नाई वाढलं तं बसून राहते. काल म्हटलं, तोंड तरी धू. तं मलेच इचारते, कोणाचं."

देवमनने कुंपणाची तार धरली. आत रागिणी भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

"उद्या सकाळीच या," तो म्हणाला. "बुधाजीच्या हातानं काम होत नाई. मूस धराले दुसरा माणूस पायजे. थ्याइलेही आणा. पण भट्टीजवळ नाई. रस्त्यावर बसवा."

रागिणीने त्या दिवशीच पिशवी भरली अन् ती अमरावतीला निघून गेली. जाताना बापाच्या पाया पडली.

सांडलेला धातू अंगणभर थिजून पडला होता. देवमनने तो खरवडून काढला, ठोकून गवत-माती झाडली, दिवसभर उन्हात टाकला अन् भट्टीच्या काठावर तापवून नव्या मुशीत घातला. साचा पुन्हा भाजला. सकाळी जानराव आला तेव्हा देवमनने त्याला पायातल्या चपला काढून जाड बूट घालायला लावले अन् दांड्याचं एक टोक हातात दिलं. "मी म्हणीन तवा उचलाचं. मी म्हणीन तवा वाकवाचं. रडाचं असंन तं नंतर." जानराव शेतकरी माणूस, ओझ्याला घाबरणारा नव्हता. दांडा हलला नाही. धातू साच्यात उतरला. माणिकबाई कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, पाठ करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी देवमनने माती फोडली. उजवा कान भरला नव्हता. साच्यात कुठेतरी वारा अडकला असावा, कानाच्या जागी ओबडधोबड कड तेवढी राहिली होती. बाकी चेहरा आला होता. अजून काळा, घासलेला नाही, डोक्यावर ओतायच्या वाटांत थिजलेले धातूचे खुंट तसेच उभे. खालचा ओठ दाताखाली दाबलेला. भुवई तुटलेली. देवमनने तो तोपर्यंत नीट पाहिलेलाच नव्हता. मेणात होता तेव्हा ते सुभद्राचं काम होतं, अन् तो मान झाली की बाजूला व्हायचा. आता पाहिलं. मग फडक्याने पुसला अन् बाहेर ओट्यावर आणून ठेवला.

जानराव अन् माणिकबाई पुतळा न्यायला रिक्षा घेऊन आले होते; माणिकबाई आत आली. तिने आधी पदराने आपले डोळे कोरडे केले, मग पुतळ्यासमोर उभी राहिली. रस्त्यावरून कापसाचा ट्रक गेला, एष्टी गेली. ती हलली नाही. जानराव मागे उभा राहून तिच्या पाठीकडेच पाहत होता.

"जेवला नाई," ती शेवटी म्हणाली.

जानराव हुंदका देऊन बाजूला झाला.

"कान नाई भरला," देवमन म्हणाला. "तो जोडता येते. मेणात करून, ओतून, डाख द्या लागते. पण कान मले जमत नाई. चेहऱ्याचं काम तिचं होतं."

"राहू द्या."

तिने वाकून त्याच्या पायांना हात लावायला पाहिलं, तो मागे सरला. मग माणिकबाईने विचारलं, "सुभद्राबाईचा नाई करत का, भाऊ?"

देवमन ओट्यावर बसला. "कोण करन?" तो म्हणाला. "मी तं जनावरंच करतो. अन् तोंड मलेही नाई दाखोलं कोणी. बांधूनच आणली."

माणिकबाई त्याच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, खाली मातीत बसली. तिने आपला उजवा हात उघडून समोर धरला. हिवाळाभर तो सुभद्राच्या गालांवरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरला होता.

"नाक मधातून जरा उठलेलं," ती हळूहळू सांगू लागली. "डाव्या गालावर एक बारीक खड्डा, देवीचा असंन. कपाळ अरुंद. हनुवटीखाली एक कडक गाठ लागे बोटाले..."

देवमन ऐकत होता. चाळीस वर्षं तो त्या चेहऱ्यासमोर जेवला होता, अन् गालावरचा खड्डा त्याला आठवत नव्हता. गाठ तर ठाऊकच नव्हती. त्याने जमिनीवरचा मेणाचा एक जुना तुकडा उचलला, तळहातात धरला, मळायला लागला. मेण मऊ झालं. त्याने ते अंगठ्याने दाबून पाहिलं. मग पुन्हा दाबून पाहिलं. मग तसंच मुठीत धरून बसला.

"ती गाठ कोण्या बाजूनं होती?" त्याने विचारलं.

माणिकबाई थांबली. डोळे मिटून तिने हवेत हात उचलला, बोटं कुठे टेकत होती ते आठवायला लागली, अन् तिलाही ते सांगता येईना.

जानराव दोराने पुतळा रिक्षाला बांधत होता.